लेकराचा ब्लड कॅन्सर : थांबायचं विसरलेली पेशी आणि आपला गट



आरोग्याच्या या पानावर आपण बहुतेक वेळा आपल्याच तब्येतीबद्दल बोलतो. हिमोग्लोबिन, पाळी, बाळंतपण, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. या वेळचा विषय लेकरांचा आहे आणि जरा अवघड आहे : लहान मुलांना होणारा रक्ताचा कॅन्सर, म्हणजे ल्युकेमिया.

गावात एखाद्या घरी असं निदान झालं की तीन प्रश्न हमखास निघतात. पहिला, ‘ना तंबाखू, ना दारू, एवढ्याशा लेकराला कॅन्सर कसा झाला?’ दुसरा, ‘आईनं दिवस असताना काय खाल्लं होतं?’ आणि दोन-तीन महिन्यांनी मूल अंगणात खेळायला लागलं की तिसरा, ‘आता बरं दिसतंय की, मग अजून दोन वर्षं दवाखान्याच्या खेपा कशाला?’

हा तिसरा प्रश्न सगळ्यात घातक आहे. त्याच्यापायी उपचार अर्धवट सुटतात आणि बरं होऊ शकणारं लेकरू हातचं जातं. त्याचं उत्तर पेशीच्या आतल्या एका अगदी बारीक गोष्टीत दडलंय. तिचं नाव टेलोमिअर. नाव अवघड असलं तरी गोष्ट आपल्या रोजच्या कामातली आहे. पिको-फॉल करणाऱ्या ताईंना तर ती चटकन कळेल.

रक्ताचा कारखाना हाडात

आपल्या हाडांच्या आत मऊ गर असतो. मटणाच्या नळीतून निघतो तसाच. त्याला अस्थिमज्जा किंवा बोन मॅरो म्हणतात. आपलं सगळं रक्त तिथं तयार होतं : अंगात प्राणवायू पोहोचवणाऱ्या तांबड्या पेशी, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि जखमेचं रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट. मोठ्या माणसाच्या शरीरात एका दिवसात सुमारे वीस हजार कोटी नव्या तांबड्या पेशी तयार होतात. जुन्या झिजतात, नव्या येतात. हा कारखाना जन्मभर बंद पडत नाही.

नवी पेशी तयार होते ती एका पेशीच्या दोन होऊन. यालाच पेशीचं विभाजन म्हणतात. विभाजन होताना पेशीतल्या डीएनएची पूर्ण नक्कल करावी लागते. डीएनए म्हणजे शरीर कसं चालवायचं याची सूचनावही. माणसाच्या पेशीत ही वही ४६ लांब धाग्यांत विभागलेली असते. शाळेच्या पुस्तकात मुलं त्यांना गुणसूत्रं म्हणतात.

साडीचा पिको आणि गुणसूत्राचं टोक

नवी साडी आणली की आपण आधी तिला पिको करून घेतो. नाही केला तर काय होतं? कडेचे धागे सुटत जातात आणि हळूहळू आतली वीणही उसवायला लागते. गुणसूत्राचंही तसंच आहे. ४६ गुणसूत्रांना प्रत्येकी दोन टोकं, म्हणजे एका पेशीत ९२ टोकं झाली. प्रत्येक टोकाला निसर्गानं पिको करून दिलेला असतो. तो पिको म्हणजेच टेलोमिअर.

डीएनएची भाषा चारच अक्षरांची असते : ए, टी, जी आणि सी. टेलोमिअरमध्ये ‘टीटीएजीजीजी’ ही सहाच अक्षरं एकापुढे एक, हजाराहून जास्त वेळा येतात. त्यात शरीरासाठी कसली सूचना नसते. आतली सूचना शाबूत राहावी म्हणून ठेवलेली ती कड आहे.

आता खरी गंमत पुढं आहे. पेशी जेव्हा डीएनएची नक्कल करते तेव्हा अगदी शेवटच्या टोकापर्यंत नक्कल करणं तिला जमत नाही. थोडी कड दर वेळी सुटते. एका विभाजनात साधारण ५० ते २०० अक्षरं कमी होतात. म्हणजे दर विभाजनाला पिको थोडा थोडा झिजतो. झिजत झिजत तो फार आखूड झाला की पेशीला आतून इशारा मिळतो : बाई, आता थांब. मग ती पुढं विभागत नाही. काही पेशी तशाच शांत राहतात, काही मरून जातात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या साध्या पेशी ४० ते ६० वेळा विभागून थांबतात, असं लिओनार्ड हेफ्लिक या शास्त्रज्ञानं १९६१ मध्ये दाखवलं होतं.

हे थांबणं आपल्या भल्याचंच आहे. जुन्या पेशीत चुका साठलेल्या असतात. अशी पेशी वाढत राहण्यापेक्षा थांबलेली बरी.

झिजलेला पिको परत शिवणारी : टेलोमरेज

पण सगळ्याच पेशी अशा थांबल्या असत्या तर आपला जन्मच झाला नसता. पोटातल्या बाळाच्या पेशींना झपाट्यानं वाढायचं असतं. स्त्रीबीज आणि पुरुषबीज तयार करणाऱ्या पेशींना पुढच्या पिढीला पूर्ण लांबीची टोकं द्यायची असतात. हाडातल्या रक्ताच्या मूळ पेशींनाही जन्मभर काम करायचं असतं. अशा पेशींकडे एक खास कारागीर असतो. तो झिजलेल्या टोकाला ती सहा अक्षरं परत जोडून देतो. या कारागिराचं नाव टेलोमरेज. रक्ताच्या मूळ पेशींत तो थोडाच असतो, म्हणून तिथंही टोकं वयाबरोबर झिजतात, पण सावकाश. शरीरातल्या इतर बहुतेक पेशींत हा कारागीर जन्मानंतर कामच करत नाही.

हा कारागीर शोधला दोन बायकांनी. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी डबक्याच्या पाण्यात राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका जिवाची टोकं तपासली. तिथं त्यांना एकच अक्षरओळ पुन्हा पुन्हा येताना दिसली. पुढे अमेरिकेत त्यांची विद्यार्थिनी कॅरोल ग्रायडर हिला १९८४ च्या नाताळच्या दिवशी प्रयोगशाळेत टेलोमरेजच्या कामाची पहिली खूण दिसली. सगळे सुट्टीवर होते आणि ती प्रयोगाचा निकाल बघायला आली होती. या कामासाठी दोघींना, जॅक शोस्टाक यांच्यासोबत, २००९ चं नोबेल पारितोषिक मिळालं. डबक्यातल्या जिवाचा अभ्यास करून काय मिळणार, असं तेव्हा कोणीही म्हणालं असतं. आज कॅन्सरची कुठलीही चर्चा या शोधाशिवाय पुरी होत नाही.

ल्युकेमियात नेमकं काय बिघडतं

पांढरी पेशी तयार होताना आधी कोवळी असते, मग पिकते आणि कामाला लागते. ल्युकेमियात एखाद्या कोवळ्या पेशीच्या डीएनएत बिघाड होतो. ती पिकतच नाही, नुसती वाढत राहते. तिच्यासारख्याच लाखो, कोट्यवधी पेशी होतात आणि हाडातला कारखाना भरून जातो. चांगल्या पिकाला तणानं दाबावं तसं होतं. तांबड्या पेशींना जागा उरत नाही, म्हणून लेकरू पांढरं पडतं. कामाच्या पांढऱ्या पेशी कमी, म्हणून ताप हटत नाही. प्लेटलेट कमी, म्हणून अंगावर डाग उठतात.

मुलांच्या ल्युकेमियात चारपैकी तीन जणांना ‘एएलएल’ नावाचा प्रकार असतो. तो दोन ते पाच वर्षांच्या मुलांत सगळ्यात जास्त दिसतो.

आता टेलोमिअरचा संबंध बघा. इतक्या वेळा विभागलेल्या पेशींचा पिको झिजून जायला हवा. आणि तो झिजलेला असतोच. ल्युकेमियाच्या पेशींची टोकं निरोगी पेशींपेक्षा आखूड सापडतात. मग त्या थांबत का नाहीत? कारण त्यांनी टेलोमरेजचा कारागीर जास्तीच्या कामाला लावलेला असतो. टोक अगदी संपायच्या आत तो थोडं शिवून देतो. पेशी थांबायच्या रेषेजवळ असते, पण रेषा ओलांडत नाही. टोक आखूड आणि तरी वाढीला अंत नाही, असा हा प्रकार आहे. दहापैकी आठ-नऊ कॅन्सरमध्ये टेलोमरेज असा जागा झालेला आढळतो.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवू. टेलोमरेजमुळे ल्युकेमिया सुरू होतो असं नाही. सुरुवात डीएनएतल्या दुसऱ्याच बिघाडानं होते. टेलोमरेज त्या बिघडलेल्या पेशीला न थांबता वाढत राहायला मदत करतो.

टोकं फार आखूड असणंही धोक्याचंच आहे. पिको गेलेली दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटू शकतात, मग ओढाताणीत तुटतात आणि सूचनावहीची पानं उलटसुलट होतात. जन्मतःच टेलोमिअर आखूड असण्याचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्यात हाडातला कारखाना लवकर थकतो आणि रक्ताच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. म्हणजे पिको फार झिजला तरी धोका, आणि बिघडलेल्या पेशीला तो फुकट शिवून मिळाला तरी धोका.

‘आईचं काय चुकलं?’

काहीही चुकलं नाही. हे वाक्य बैठकीत मोठ्यानं वाचा.

काही मुलांत डीएनएतला पहिला बिघाड आईच्या पोटात असतानाच होतो, हे जन्माच्या वेळी घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून कळलंय. पण तो आईच्या खाण्यानं, ग्रहणात बाहेर पडल्यानं किंवा कोणाच्या नजरेनं होत नाही. कोट्यवधी पेशी विभागताना कुठंतरी नक्कल चुकते, इतकंच. असा पहिला बिघाड घेऊन जन्मलेल्या बहुतेक मुलांना ल्युकेमिया कधी होतही नाही. पुढं आणखी बिघाड झाले तरच आजार उभा राहतो.

हा आजार संसर्गाचा नाही. एका ताटात जेवल्यानं, सोबत खेळल्यानं तो दुसऱ्या लेकराला होत नाही. आजारी लेकराच्या आईला हळदी-कुंकवाला टाळणं, भावंडांना अंगणवाडीत वेगळं बसवणं याला कसलाही आधार नाही. ती आपल्या गटातली सखी असेल तर तिला याच वेळी गटाची सगळ्यात जास्त गरज असते.

लेकरू खेळतंय, मग औषध का?

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ.

निदान होतं तेव्हा मुलाच्या अंगात ल्युकेमियाच्या साधारण एक लाख कोटी पेशी असू शकतात. पहिल्या महिनाभराच्या उपचारानं त्यातल्या बहुतेक मरतात. मूल जेवायला लागतं, चेहऱ्यावर तेज येतं. सूक्ष्मदर्शकाखाली हाडातला गर स्वच्छ दिसतो. डॉक्टर म्हणतात, ‘रेमिशन आलं.’ घरच्यांना वाटतं, आजार गेला.

पण शंभरातल्या नव्याण्णव पेशी मेल्या तरी एक लाख कोटीतल्या एक हजार कोटी शिल्लक राहतात. डोळ्यांना त्या दिसत नाहीत. दहा हजारांत एक पेशी शोधणारी खास तपासणी आहे, तिला एमआरडी म्हणतात. ती तपासणी चांगली आली तरी अंगात एकही पेशी उरली नाही, असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आणि उरलेली पेशी साधी नसते. साधी पेशी काही वेळा विभागून आपोआप थांबली असती. हिच्याकडे टेलोमरेज आहे. तिला थांबा माहीत नाही. खुरपणी करणाऱ्या प्रत्येकीला हरळी माहीत आहे. रान स्वच्छ दिसतं, पण मुळीचा एक तुकडा राहिला तरी पाऊस पडला की पुन्हा हिरवं होतं. ल्युकेमिया तसाच उलटतो. आणि उलटून आलेला आजार पहिल्यापेक्षा हट्टी असतो, बरा करणं जास्त अवघड असतं.

म्हणून एएलएलचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षं चालतात. सुरुवातीचे काही महिने जोराची औषधं, सलाईन, पाठीच्या कण्यातून इंजेक्शन. मग दीड-दोन वर्षं बहुतेक घरी घ्यायच्या गोळ्या आणि ठरलेल्या तपासण्या. हा दुसरा काळ म्हणजे उरलीसुरली मुळी शोधून काढणं. लेकरू बरं दिसत असताना गोळी देत राहणं, हेच या आजारातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचं काम आहे.

मुंबईच्या गिरणी कामगार बायका आणि ल्युकेमियाचं पहिलं औषध

या आजाराच्या औषधाची मुळं मुंबईत आहेत, हे फार कमी जणींना ठाऊक असेल. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना जीवघेणा रक्तक्षय व्हायचा, त्याचं कारण त्या शोधत होत्या. यीस्टच्या अर्कानं बायका बऱ्या होतात हे त्यांनी दाखवलं. त्यातला गुणकारी घटक पुढं सापडला. तो म्हणजे फॉलिक अॅसिड. आशाताई आपल्याला लोहाच्या गोळीसोबत देतात तेच.

फॉलिक अॅसिड नव्या पेशी तयार व्हायला लागतं. बॉस्टनच्या सिडनी फार्बर या डॉक्टरांनी उलटा विचार केला : ल्युकेमियाच्या पेशींना हे मिळूच दिलं नाही तर? आंध्रातले शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव तेव्हा अमेरिकेत होते. त्यांच्या चमूनं फॉलिक अॅसिडला अडवणारं औषध तयार केलं. १९४८ मध्ये फार्बर यांनी लिहिलं की १६ पैकी १० मुलांमध्ये सुधारणा दिसली. त्याआधी या आजारात मुलं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावायची. पण काही महिन्यांनी आजार उलटला. एक औषध, थोडे दिवस, हे पुरत नाही असा धडा त्यातून मिळाला. त्याच जातीचं मेथोट्रेक्सेट हे औषध आजही या मुलांना दिलं जातं.

(गैरसमज नको : लोह-फॉलिकच्या गोळीनं कॅन्सर होत नाही. गरोदर सखींनी आणि शाळेतल्या मुलींनी ती बिनधास्त घ्यावी. फक्त ल्युकेमियाचे उपचार चालू असलेल्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंही टॉनिक देऊ नये.)

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजारावर मोठं काम केलं. १९८३ मध्ये तिथं भारतातलं पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण झालं, तेही ल्युकेमिया झालेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीवर, तिच्या भावाचा मॅरो घेऊन. पुढं टाटा, दिल्लीचं एम्स आणि चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट या तीन ठिकाणी ‘एमसीपी-८४१’ नावाची उपचाराची एकच ठरीव पद्धत वापरली गेली. आधी वीस टक्क्यांहून कमी रुग्ण वाचायचे. या पद्धतीनं चार वर्षांनंतरही आजार न उलटलेल्यांचं प्रमाण ४५ ते ६० टक्क्यांवर गेलं. आज प्रगत देशांत एएलएल झालेल्या दहा मुलांपैकी साधारण नऊ मुलं बरी होतात. आपल्याकडे हे प्रमाण कमी पडतं. उशिरा होणारं निदान, उपचाराच्या काळातले जंतुसंसर्ग आणि मध्येच सुटणारे उपचार ही त्याची मोठी कारणं आहेत. या तिन्ही ठिकाणी गावातल्या बाया काही करू शकतात.

टेलोमरेज बंद करणारी गोळी नाही का?

हुशार वाचकांच्या मनात आलंच असेल : तो कारागीरच बंद पाडला तर? शास्त्रज्ञ तेच करू बघतायत. टेलोमरेजला अडवणाऱ्या इमेटेलस्टॅट या औषधाला जून २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण ती मोठ्या माणसांच्या, वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या एका वेगळ्या रक्तविकारासाठी. मुलांच्या ल्युकेमियासाठी नाही.

यात दोन अडचणी आहेत. कारागीर बंद केला तरी कॅन्सरची पेशी लगेच मरत नाही. पिको झिजायला अनेक विभाजनं लागतात आणि तोवर आजार वाढतो. दुसरं म्हणजे निरोगी रक्ताच्या मूळ पेशींनाही हाच कारागीर लागतो. वाढत्या वयाच्या मुलात तो अडवणं जोखमीचं आहे. मेंदूच्या गाठी असलेल्या मुलांवर या औषधाची चाचणी झाली होती, ती गंभीर रक्तस्रावामुळे थांबवावी लागली.

म्हणून कोणी ‘टेलोमिअर वाढवणारी पावडर’ किंवा ‘पेशी तरुण ठेवणाऱ्या गोळ्या’ विकायला आलं, साखळी पद्धतीनं मेंबर करायला लागलं, तर हात जोडून परत पाठवा. त्यानं ल्युकेमिया बरा होत नाही. गटाचं कर्ज अशा वस्तूंसाठी देऊ नका.

ही लक्षणं दिसली तर

खालीलपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या, किंवा एखादी दोन आठवड्यांत हटली नाही, तर मुलाला लगेच डॉक्टरांकडे न्या :

- ताप येतो-जातो, औषधानं पुरता जात नाही
- लेकरू पांढरंफटक दिसतं, दमतं, खेळत नाही
- मार न लागता अंगावर काळे-निळे डाग, बारीक लाल ठिपके
- घोळणा फुटणं, हिरड्यांतून रक्त येणं
- हाडं दुखणं, लंगडणं, रात्री पाय धरून रडणं
- मान, काख किंवा जांघेत गाठी
- पोट फुगणं, पानथरी वाढणं

यातली बरीच लक्षणं साध्या आजारातही दिसतात, म्हणून घाबरून जायचं नाही. पण सीबीसी ही रक्ताची साधी तपासणी करून घ्यायची. सोबत रक्ताची काचपट्टी बघायला सांगायची. शंका आली तर हाडातला गर तपासतात. पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे ल्युकेमियाच असं नाही, जंतुसंसर्गातही त्या वाढतात.

एक काळजी मात्र घ्या. अंगदुखी आणि तापासाठी तपासणीशिवाय स्टिरॉइडचं इंजेक्शन किंवा गोळी घेऊ नका. त्यानं ल्युकेमिया काही दिवस दबतो, लेकरू बरं वाटतं आणि निदान लांबतं.

अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. ज्या मुलाबद्दल शंका आहे ते त्या दिवशी हजर राहील असं बघा. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथून तपासणी सुरू करता येते. पुढं छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय किंवा मुंबईचं टाटा. लहान मुलांच्या ल्युकेमियाचे पूर्ण उपचार कुठं होतील आणि कोणत्या तपासण्या जवळ करता येतील, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

बार्शीचं एक उदाहरण आपल्याला जवळचं आहे. १९८७ मध्ये तिथं बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांसाठी कॅन्सरची नोंदणी सुरू झाली. भारतातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न बघता कर्मचारी गावोगाव गेले आणि लोकांशी बोलले. गावात कोणाला काय त्रास होतोय हे आधी गावालाच कळतं. आपल्या गटाची ताकदही हीच आहे.

गटानं आणि ग्रामसंघानं काय करावं

१. कागदपत्रं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. रेशनकार्ड, आधार, मुलाचा जन्मदाखला एका पिशवीत तयार ठेवायला मदत करा. रुग्णालयात आधी ‘आरोग्यमित्र’ शोधायचा. चौकशीसाठी फोन १५५३८८. योजनेबाहेरच्या खर्चासाठी रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटा आणि मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज विचारा.

२. प्रवास आणि मुक्काम. कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण, तर सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत असते. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती कॅन्सर रुग्णांची सोय करतात. लहान मुलं आणि आईवडिलांसाठी सेंट ज्यूड संस्थेची मोफत निवासकेंद्रं आहेत. तिथं रुग्णालयाच्या शिफारशीनं जागा मिळते.

३. पैसा. उपचार योजनेत झाले तरी मजुरी बुडते, भाडं लागतं. पहिला झटका बसला की घरं सावकाराकडे जातात. त्याआधी गटानं तातडीचं अंतर्गत कर्ज द्यावं, परतफेडीचे हप्ते लांबवावेत. ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असेल तर तो अशाच वेळेसाठी आहे. ‘ती बैठकीला येत नाही’ म्हणून दंड लावू नका.

४. मागे राहिलेलं घर. आई मुंबईला असते तेव्हा दुसरी लेकरं, सासू-सासरे, म्हैस, सगळं मागे असतं. कोण डबा देणार, कोण धार काढणार, मुलं शाळेत जातात का हे कोण बघणार, याची वाटणी बैठकीत लिहून ठेवा.

५. गोळ्यांचं कॅलेंडर. घरच्या काळात एक गोळी रोजची असते आणि मेथोट्रेक्सेट बहुतेक वेळा आठवड्यातून एकदाच असते. ती चुकून रोज दिली तर जिवावर बेतू शकतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या वाराला लाल गोल करा. आई लिहिता-वाचता येणारी नसेल तर गटातली एक सखी दर आठवड्याला बघून येईल असं ठरवा.

६. ताप म्हणजे घाई. उपचार चालू असलेल्या मुलाला १००.४ फॅरेनहाइटपर्यंत ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही. लगेच दवाखाना. गाडी कोणाची, नंबर कोणाकडे, हे आधीच ठरलेलं असावं. पाणी उकळून, जेवण ताजं, हात साबणानं धुतलेले. गावात गोवर-कांजिण्या असतील तर आईला लगेच सांगा.

७. लेक असो की लेक्या, उपचार सारखेच. भारतातल्या कॅन्सर रुग्णालयांत उपचाराला येणाऱ्या मुलांत मुली मुलग्यांपेक्षा कमी असतात. आजारातला फरक थोडाच आहे. बाकीचा फरक घरातून निघतानाच पडतो. ‘मुलीवर एवढा खर्च?’ असं कोणी म्हणालं तर गटानं त्या घरी जाऊन बसावं.

पुढच्या बैठकीसाठी

दशसूत्रीत आरोग्य हा एक विषय आहे. पुढच्या बैठकीत लक्षणांची यादी एकीनं वाचावी. आपल्या गावात उपचार चालू असलेलं किंवा उपचार सोडलेलं लेकरू आहे का, याची चौकशी करावी. उपचार सोडलेलं असेल तर त्या घरी दोघींनी जावं. रागवायला नाही, विचारायला : काय अडलंय? भाडं, कागद, घरातलं कोणी, की ‘आता बरं आहे’ हा समज? जे अडलंय ते ग्रामसंघाच्या बैठकीत मांडावं आणि प्रभागसंघाला कळवावं. खंड पडला असला तरी डॉक्टरांकडे परत जाता येतं, आणि जितकं लवकर जाल तितकं बरं.

ल्युकेमियाची पेशी थांबायचं विसरलेली असते. म्हणून औषधही मध्येच थांबवायचं नाही. अडीच वर्षं हा लांबचा पल्ला आहे, एकट्या घराला तो झेपत नाही. दहा-बारा घरांनी मिळून उचलला तर झेपतो.